फॉस्फरसची क्लोराइडे, फवारणीचे पिंप आणि आपले शरीर

(तिकोणा पेठ, ता. मावळ, जि. पुणे येथे खरीप हंगामापूर्वी भात व फूल उत्पादकांसमोर केलेले भाषण)



तिकोणा किल्ल्यावर चढताना चुन्याचा घाणा लागतो. त्याचे दगडी चाक तुम्ही लहानपणापासून पाहत आला आहात. तटबंदीचा चुना त्या घाण्यात मळला जात असे. पण मळण्याआधी भट्टीतून निघालेल्या कळीवर पाणी ओतावे लागते. बोर्डो मिश्रण करताना तुमच्यापैकी अनेकांनी हे केले असेल. पाणी पडताच कळी फसफसते, तापते, वाफा निघतात आणि भांड्याला हात लावता येत नाही. म्हणजे पाणी प्रत्येक पदार्थाला नुसते भिजवते असे नाही. काही पदार्थांशी ते जोडले जाते आणि त्यातून नवाच पदार्थ तयार होतो.

आज मी चुन्यापेक्षाही तापट अशा पदार्थांविषयी बोलणार आहे. ही आहेत फॉस्फरसची क्लोराइडे. तुम्ही ती कधी पाहिली नाहीत आणि पाहण्याची गरजही नाही. ती कारखान्यातच राहतात. पण तुमच्या कोठीतील कीटकनाशकाच्या बाटल्यांपैकी बऱ्याच बाटल्यांचा जन्म त्यांच्यापासून झाला आहे, आणि हरितगृहातील गुलाबावर फवारल्या जाणाऱ्या एका औषधाचाही. या मूळ पदार्थांचा स्वभाव एकदा कळला की औषध वाया कधी जाते, माणसाला बाधते कसे आणि बाधल्यावर किती वेळ हाताशी असतो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात.

क्लोराइडांचा स्वभाव

फॉस्फरस म्हणजे आपल्या शेतीच्या भाषेत स्फुरद. डीएपीच्या पोत्यात असतो तोच, पण तेथे तो ऑक्सिजनशी घट्ट जोडलेला आणि शांत असतो. कारखान्यात मूळ फॉस्फरसचा क्लोरीन वायूशी संयोग घडवतात. फॉस्फरसच्या एका अणूला क्लोरीनचे तीन अणू जोडले गेले की फॉस्फरस ट्रायक्लोराइड तयार होते. पाच जोडले गेले की पेंटाक्लोराइड. ट्रायक्लोराइड हा रंगहीन, पाण्याच्या दीडपट जड असा द्रव असून तो ७६ अंश सेल्सिअसला उकळतो. पेंटाक्लोराइड पिवळसर पांढरे आणि घनरूप असते. ट्रायक्लोराइडला ऑक्सिजन दिला की ऑक्सिक्लोराइड मिळते.

या सर्वांचा स्वभाव एकच. फॉस्फरसला क्लोरीनपेक्षा ऑक्सिजनची ओढ फार. पाणी भेटले की तो क्लोरीनला सोडतो आणि पाण्यातील ऑक्सिजनला धरतो. सुटलेल्या क्लोरीनचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते. ही क्रिया इतक्या जोरात होते की दमट हवेतही या पदार्थांतून पांढरा धूर निघतो. तो डोळे, नाक आणि फुप्फुस जाळतो. आपल्या मावळच्या पावसाळी हवेत याची बाटली उघडली तर काय होईल, याची कल्पना तुम्हीच करा.

"फॉस्फरस एक जोडीदार सोडून ऑक्सिजनला धरतो" हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते तीन वेळा कामी येणार आहे.

एका ऑक्सिजनचा फरक

पवन मावळातील गुलाब उत्पादकांसाठी पहिली गोष्ट. पेंटाक्लोराइडवर भरपूर पाणी घातले तर फॉस्फरिक आम्ल मिळते. त्याचे क्षार म्हणजे फॉस्फेट, म्हणजेच पिकाचे स्फुरद खत. ट्रायक्लोराइडवर पाणी घातले तर मिळते ते फॉस्फरस आम्ल. त्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू कमी असतो. त्याच्या क्षारांना फॉस्फाइट किंवा फॉस्फोनेट म्हणतात. नावे ऐकायला जवळची असली तरी पिकाच्या दृष्टीने दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे.

फॉस्फेट पीक खाते. त्यावर मुळे वाढतात, फुटवे येतात. फॉस्फोनेट पिकात शिरते, वरखाली सर्वत्र फिरते, पण पिकाला ते पचवता येत नाही. जमिनीतील जिवाणू त्याचे हळूहळू फॉस्फेट करतात. परंतु उभ्या पिकाची भूक त्यावर भागत नाही. उलट ज्या रोपाला आधीच स्फुरद कमी पडले आहे, त्याला त्याचा अपायच होऊ शकतो. बाटलीवर स्फुरदाचा मोठा आकडा छापला म्हणून ते खत ठरत नाही. ते स्फुरद कोणत्या रूपात आहे, हे विक्रेत्याला विचारा आणि फॉस्फोनेट असेल तर खताच्या हिशोबात धरू नका.

मग फॉस्फोनेट निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. केवडा, म्हणजे डाऊनी मिल्ड्यू, आणि फायटोप्थोरामुळे होणारी मूळकूज यांवर ते चांगले काम करते. द्राक्षबागायतदारांच्या ओळखीचे फोसेटिल ॲल्युमिनियम पिकात गेल्यावर याच फॉस्फरस आम्लाच्या रूपाने काम करते. मात्र भुरीवर त्याचा भरवसा धरू नये. शिवाय ही औषधे आम्लधर्मी असतात. ताम्रयुक्त बुरशीनाशकात मिसळल्यास तांबे जास्त प्रमाणात मोकळे होते आणि पाने करपतात. म्हणून ही दोन औषधे एकत्र फवारू नयेत.

क्लोराइडापासून कीटकनाशकापर्यंत

आता दुसरी गोष्ट. पाण्याऐवजी अल्कोहोलसारखा पदार्थ क्लोराइडाला भेटला तरी फॉस्फरस तेच करतो. क्लोरीन सोडतो आणि त्या पदार्थातील ऑक्सिजनला धरतो. ही क्रिया कारखान्यात टप्प्याटप्प्याने, ताब्यात ठेवून केली की सेंद्रिय फॉस्फरसयुक्त संयुगे मिळतात. मिथिल पॅराथिऑन, क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस, डायक्लोरव्हॉस, प्रोफेनोफॉस ही सारी या घराण्यातील. मॅलाथिऑन, डायमेथोएट आणि फोरेट यांचा उगम क्लोराइडात नसून फॉस्फरस आणि गंधकाच्या संयुगात आहे. पण कीटकाच्या आणि माणसाच्या शरीरात गेल्यावर त्यांचे काम तेच.

या घराण्याचा इतिहासही जाणून घ्या. जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ड श्राडर कीटकनाशकांचा शोध घेत होते. १९३६ मध्ये त्यांच्या हाती टाबून हे संयुग लागले. ते कीटकांपेक्षा माणसासाठीच भयंकर ठरले आणि युद्धातील विषारी वायूंच्या यादीत गेले. त्याच संशोधनातून पुढे पॅराथिऑन हे कीटकनाशक आले. म्हणून १९९७ पासून अमलात असलेल्या आंतरराष्ट्रीय रासायनिक अस्त्रबंदी करारात फॉस्फरसच्या या क्लोराइडांची नावे नोंदलेली आहेत आणि त्यांच्या उत्पादनाचा हिशोब द्यावा लागतो. भारत या करारात आहे. हे भीती घालण्यासाठी सांगत नाही. आपण पाठीवर जो पंप घेतो त्यातील औषध कोणाचे भावंड आहे, हे माहीत असावे म्हणून सांगते.

फवारणीच्या पिंपात काय घडते?

कीटकनाशक क्लोराइडाइतके तापट नसते. साध्या पाण्यात ते काही काळ टिकते, म्हणून तर आपण ते पाण्यातून फवारू शकतो. पण पाणी अल्कधर्मी असेल, म्हणजे त्याचा सामू जास्त असेल, तर जुना स्वभाव उफाळून येतो. फॉस्फरस आपला एक जोडीदार सोडतो, पाण्यातील ऑक्सिजनला धरतो आणि औषध फुटते. मॅलाथिऑनचे उदाहरण घ्या. सामू ७ असताना त्याचा निम्मा भाग फुटायला सुमारे सहा दिवस लागतात. सामू ९ असताना हेच काम सुमारे बारा तासांत होते. म्हणजे संध्याकाळी कालवून ठेवलेले औषध सकाळी निम्मेच उरले. किडी मरत नाहीत, आपण विक्रेत्याला दोष देतो आणि पुढच्या वेळी मात्रा दुप्पट करतो.

आपल्याकडे पावसाचे आणि ओढ्याचे पाणी याबाबत बहुधा त्रास देत नाही. बोअरचे पाणी मात्र पुष्कळदा जड आणि अल्कधर्मी असते. म्हणून पुढील काळजी घ्या.

१. बोअरच्या पाण्याचा सामू तपासून घ्या. सामू तपासण्याच्या कागदी पट्ट्या स्वस्तात मिळतात. फवारणीसाठी सामू ६ ते ७ च्या दरम्यान असावा.

२. औषध लागेल तेवढेच कालवा आणि त्याच दिवशी संपवा.

३. बोर्डो मिश्रण, चुना किंवा चुनायुक्त गंधक यांत ही कीटकनाशके मिसळू नका. बोर्डोसाठी वापरलेले पिंप स्वच्छ धुतल्याशिवाय त्यात कीटकनाशक कालवू नका.

४. विहिरीत चुकून औषध सांडले तर ब्लीचिंग पावडर टाकून ते पाणी वापरात आणू नका. क्लोरीनमुळे मॅलाथिऑनसारख्या गंधकयुक्त औषधांतील गंधकाच्या जागी ऑक्सिजन येतो आणि मूळ औषधापेक्षा अधिक विषारी पदार्थ तयार होतो. अशा विहिरीचे पाणी माणसांना आणि जनावरांना देणे ताबडतोब थांबवा आणि पाण्याची तपासणी करून घ्या.

शरीरात काय घडते?

आता तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती मी पुस्तकातून नाही, घरातून शिकले.

मी शाळेत असताना एका वर्षी आमच्या निसवलेल्या भातावर लष्करी अळी आली. त्या काळी मिथिल पॅराथिऑनची दोन टक्के भुकटी धुरळण्याची पद्धत होती. वडिलांनी जुन्या धोतराच्या फडक्यात भुकटी बांधली, ती पुरचुंडी काठीला लावली आणि पहाटेच्या दवात खाचराच्या बांधाबांधाने झटकत निघाले. अंगात बंडी, पाय उघडे, तोंडाला काही नाही. काम झाल्यावर हात कडेच्या पाण्यात बुचकळले आणि भाकरी खाल्ली. दुपारी त्यांना दरदरून घाम सुटला. तोंडाला लाळ येऊ लागली, उलटी झाली, दिसायला अंधुक होऊ लागले. कोणी म्हणाले ऊन लागले, कोणी म्हणाले पित्त झाले. आजीने मीठ-मोहऱ्या उतरवल्या. तास-दोन तास त्यातच गेले. शेवटी शेजारच्या एका काकांनी बाजारच्या जीपमध्ये घालून त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरीचा प्रकाश टाकला आणि विचारले, "आज कोणते औषध मारले?" बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. वडील वाचले. त्या दोन तासांत काय घडत होते, हे मला पुढे कृषी महाविद्यालयात समजले.

आपल्या मज्जातंतूंकडून स्नायूंना आणि ग्रंथींना निरोप जातो तो ॲसिटिलकोलीन नावाच्या द्रव्यामार्फत. निरोप पोहोचला की ते द्रव्य लगेच मोडावे लागते. हे काम एक विकर करते. त्याचे नाव ॲसिटिलकोलीनएस्टरेज. खाचरात पाणी सोडल्यावर मोरी बंद करणाऱ्या माणसासारखे त्याचे काम असते. या विकराच्या कामाच्या जागी ऑक्सिजनचा एक अणू असतो. सेंद्रिय फॉस्फरसचे औषध तेथे पोहोचले की फॉस्फरस आपला जोडीदार सोडतो आणि विकराच्या त्या ऑक्सिजनला धरून बसतो. कारखान्यात पाण्याशी जे झाले, पिंपात अल्कधर्मी पाण्याशी जे झाले, तेच येथे झाले. फरक इतकाच की येथे मोरी बंद करणारा माणूसच बांधला गेला. निरोप वाहतच राहतात. घाम, लाळ, अश्रू, उलटी, जुलाब, छातीत कफ, स्नायूंची थरथर आणि शेवटी श्वास बंद.

अळी मरते ती याच क्रियेने आणि माणूसही याच क्रियेने मरतो. खाचरातील खेकडे आणि चढणीचे मासे यांचेही तेच होते.

येथे वेळेचा हिशोब आहे. विकराला चिकटलेला फॉस्फरस सुरुवातीला औषधाने सोडवता येतो. त्यासाठी प्रॅलिडॉक्झिम नावाचे इंजेक्शन असते. ॲट्रोपिन हे दुसरे इंजेक्शन लाळ, कफ आणि मंदावलेली नाडी यांवर काम करते. पण जसा वेळ जातो तसा फॉस्फरस विकरावर पक्का बसत जातो आणि मग तो सुटत नाही. मिथिल पॅराथिऑन, मोनोक्रोटोफॉस यांसारख्या मिथिल गटाच्या औषधांत बांधल्या गेलेल्या विकरापैकी निम्मा भाग चार तासांच्या आतच असा पक्का होतो. क्लोरपायरीफॉससारख्या इथिल गटाच्या औषधांत त्याला सुमारे सव्वा ते दीड दिवस लागतो. आमच्या घरी मीठ-मोहऱ्या उतरवण्यात गेलेले दोन तास म्हणजे त्या चार तासांतले निम्मे होते.

आणखी एक. असा पक्का बांधला गेलेला विकर परत मिळत नाही. शरीराला नवा तयार करावा लागतो आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. म्हणून मजुरीने रोज दुसऱ्याच्या शेतात फवारणी करणाऱ्याला पहिल्या दिवशी काहीच होत नाही आणि आठव्या दिवशी तेवढ्याच औषधाने तो कोसळतो. "मला सवय आहे, मला काही होत नाही" असे म्हणणाऱ्याचा साठा आतून रिकामा होत असतो.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले. त्या वेळी चर्चेत आलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस होती. २०१३ मध्ये बिहारमधील एका शाळेत माध्यान्ह भोजनातून मोनोक्रोटोफॉस पोटात जाऊन २३ मुले मेली. त्यानंतर पावले उचलली गेली. ऑगस्ट २०१८ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने मिथिल पॅराथिऑनवर बंदी आली. त्याच आदेशाने फोरेट, डायक्लोरव्हॉस, फॉस्फामिडॉन, ट्रायझोफॉस यांचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाला. मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के बंद करण्याचा आदेश २०२३ मध्ये निघाला. कोठीत अशी जुनी पाकिटे पडून असतील तर "आहे ते संपवून टाकू" असे म्हणून खाचरात टाकू नका. ती मुलांच्या हाताबाहेर कुलपात ठेवा आणि विल्हेवाटीसाठी कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला घ्या.

फवारणीपूर्वी आणि विषबाधा झाल्यास

१. आधी गरज ठरवा. भातावर खोडकिडीचे गाभेमर पाच टक्क्यांपर्यंत दिसेपर्यंत फवारणीची घाई नको. लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे खुडले, शेतात कामगंध सापळे आणि पक्षिथांबे लावले, तर बरेच काम होते. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेला आपला इंद्रायणी वासावर विकला जातो. त्यावर औषधाचे अवशेष राहू नयेत हेही पाहा.

२. डब्यावरील चौकोनातला खालचा त्रिकोण पाहा. तिकोण्याच्या माणसाला त्रिकोण दाखवायला नको! लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य.

३. ही औषधे कातडीतूनही शिरतात. नुसते तोंड बांधून भागत नाही. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ पँट आणि बूट घाला. औषध हाताने ढवळू नका. वाऱ्याविरुद्ध आणि भर उन्हात फवारू नका.

४. काम झाल्यावर भरपूर साबणाने अंघोळ करा आणि मगच खा-प्या. साबण तेलकट औषध कातडीवरून सोडवतो. फवारणीचे कपडे वेगळे धुवा. धुणारी घरातली बाई असते, तिच्याही हाताला ते लागते, हे विसरू नका.

५. पंप ओढ्यात किंवा पवनेच्या पाण्यात धुऊ नका. रिकामे डबे तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या पिंपातच ओता. डब्याला भोके पाडा, म्हणजे तो घरात पाण्यासाठी वापरला जाणार नाही.

६. घाम, लाळ, उलटी, अंधुक दिसणे, छाती भरणे यांपैकी काही दिसले तर त्या माणसाला शेताबाहेर न्या, कपडे काढा आणि अंग साबणाने धुवा. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. मुद्दाम उलटी करवू नका. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर झोपवा. १०८ ला फोन करा. औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी दवाखान्यात बरोबर न्या, कारण डॉक्टरांना औषधाचा गट कळणे हे अर्धे निदान असते.

मंडळी, कळीच्या चुन्यावर पाणी पडले की ती फुटणार, हे आपल्या वाडवडिलांना पक्के ठाऊक होते, म्हणून ते लांब उभे राहून पाणी ओतत. फॉस्फरसच्या औषधांचा स्वभावही तितकाच ठरलेला आहे. आपल्याला तो उशिरा कळला, एवढेच. या हंगामात घरातले कोणी फवारणीला निघाले, की साबण कोठे आहे, डबा कोठे ठेवला आहे आणि गाडी कोणाची मिळेल, हे आधी विचारून ठेवा. तशी वेळ येऊ नये, हीच इच्छा. पण आली तर घड्याळाकडे पाहा. चार तास फार नसतात.